बाही ज्याची त्यानं वर करायची

लसीच्या फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहावं लागतं. गेली अकरा वर्षं हे काम माझ्याकडे आहे. वहीची पुढची पानं आकड्यांनी भरतात आणि मागची पानं किस्स्यांनी! आकडे बिचारे दोन ते आठ डिग्रीत गप्प बसतात, किस्से मात्र आवरता आवरत नाहीत. चार मित्र जमले की फर्माईश मागच्या पानांचीच होते. आज गेल्या हिवाळ्याची पानं काढतो, कारण त्यात आमच्या सिस्टर आहेत.

मी जगताप. मूळचा साताऱ्याकडचा, आता लखनौला महानगर नावाच्या मोहल्ल्यातल्या एका छोट्या सरकारी डिस्पेन्सरीत फार्मासिस्ट. आमचे डॉक्टर मिश्रासाहेब अस्सल लखनौचे. शिंक आली तरी आधी समोरच्याची परवानगी घेतील असा माणूस. आणि तिसऱ्या सुलभा सिस्टर. माहेर-सासर दोन्ही अमरावतीकडचं, यजमान एअर फोर्समधून रिटायर झाले आणि वृंदावन योजना या वसाहतीत घर घेऊन इथलेच झाले. कागदोपत्री डिस्पेन्सरी डॉक्टरांच्या नावावर आहे. चालते सिस्टरांच्या शब्दावर.

*

पहिला किस्सा मक्खन मलाईचा. थंडीत लखनौला पहाटेच्या दवात दुधाचा फेस काढून विकतात, तोंडात टाकला की गायब. मिश्रासाहेबांनी एकदा घरी न्यायला म्हणून मातीचे दोन कुल्हड भरून आणले आणि सरळ लसीच्या फ्रिजमध्ये ठेवले!

दहा मिनिटांत दोन्ही कुल्हड साहेबांच्या टेबलावर. सोबत चिठ्ठी, "इस फ्रिज में वही रहेगा जो किसी की बाँह में जाएगा. सुलभा."

साहेबांनी चिठ्ठी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. मग एक कुल्हड माझ्याकडे सरकवत म्हणाले, "जगताप साहब, खा लीजिए. सबूत मिटाना ज़रूरी है."

*

सिस्टरांचा एक नियम आहे. सुई टोचायची असेल तर बाही ज्याची त्यानं वर करायची. त्या कुणाच्या बाहीला हात लावत नाहीत. म्हातारा असो, साहेब असो, रडणारा जवान असो, त्या सुई तयार ठेवून शांत उभ्या राहतात.

मी एकदा विचारलं, "सिस्टर, काहीजणांची बाही वर करायला पाच मिनिटं लागतात. ओढून द्या की!"

"काहून ओढू? जगतापभाऊ, ओढून टोचलेला माणूस पुढच्या वर्षी येत नाही. स्वतः बाही वर केलेला येतो. अन् बायकोलाही घेऊन येतो."

मी त्यांच्या रजिस्टरातली मागची वर्षं चाळून पाहिली. खरंच तीच नावं दरवर्षी, आणि शेजारी बायकांची!

*

लखनौचं 'पहले आप' ही दंतकथा असावी असं मला बरीच वर्षं वाटायचं. इथल्या कपूरथला चौकात स्कूटर घालून बघा, कोण म्हणतंय पहले आप! पण फ्लूच्या लसीच्या पहिल्याच दिवशी माझे डोळे उघडले. रांगेत चौदा माणसं आणि प्रत्येकजण मागच्याला वाकून जागा देतोय.

"अरे नहीं साहब, पहले आप."

"हुज़ूर, आप बुज़ुर्ग हैं, पहले आप."

अर्धा तास झाला, एकही सुई टोचली गेली नव्हती. सिस्टर दारात आल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "तकल्लुफ़ मत कीजिए. जो आख़िर में आएगा, उसको नया इंटर्न लगाएगा."

आमच्याकडे इंटर्न नाही. कधीच नव्हता. पण रांग अशी पुढे सरकली की दाराचा पडदा खाली आला!

*

मग बर्ड फ्लूची बातमी आली. कुठल्याशा जिल्ह्यात कोंबड्या मेल्या, टीव्हीवर चोवीस तास तेच, आणि महानगरमधला प्रत्येक रिटायर्ड माणूस आकाशाकडे बघत फिरू लागला. आमचा फोन थांबेना. एका काकूंनी विचारलं, फ्लूची सुई पोपटाला पण द्याल का?

"नहीं देंगे जी," सिस्टर म्हणाल्या. "वो बाँह ऊपर नहीं कर पाएगा."

पण कळस केला सक्सेनाजींनी. रिटायर्ड हेडमास्तर, अतिशय सभ्य. सकाळी दहा वाजता स्कूटरवरून आले आणि मिठाईचा सुबक, सुतळी बांधलेला डबा अदबीनं साहेबांच्या टेबलावर ठेवला.

मिश्रासाहेब संकोचून उभेच राहिले. "अरे सक्सेनाजी, इसकी क्या ज़रूरत थी!"

"ज़रूरत थी, डॉक्टर साहब. हमारी छत पर पड़ा था. कौआ है."

साहेबांचा सुतळीकडे गेलेला हात तिथेच गोठला. सिस्टर बाहेरून ओरडल्या, "कोई हाथ नहीं लगाएगा!" पुढचा पाऊण तास त्यांनी एकटीनं सांभाळला. सगळ्यांना बाहेर काढलं, ग्लोव्ह्ज-मास्क घालून डबा पिशवीत बंद केला, टेबल औषधानं पुसलं, पशुपालन खात्याला फोन केला आणि सक्सेनाजींना साबणानं कोपरापर्यंत हात धुवायला लावले. मेलेला पक्षी उचलायचा नसतो, फोन करायचा असतो, हे त्यांच्याकडून शाळेतल्यासारखं तीनदा म्हणवून घेतलं. हेडमास्तरांनी तिन्ही वेळा बरोबर म्हटलं!

रिपोर्ट आला. कावळा पतंगाच्या मांज्यानं मेला होता.

*

त्याच आठवड्यात सिस्टरांनी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दहा सुया वेगळ्या ठेवल्या आणि वर चिकटपट्टी लावली, "मुर्गी बाज़ार". आमच्या मागच्या गल्लीत कोंबड्यांची दुकानं आहेत. इकबालभाईंचं दुकान सर्वात मोठं, ते आणि त्यांची नऊ माणसं. दिवसभर पक्ष्यांत हात. शहरात फ्लूची लस आधी कुणी घ्यायला हवी असेल तर ती यांनी, असं सिस्टरांचं म्हणणं. साहेबांनाही ते पटलेलं.

सिस्टर आणि मी दोघं मिळून गेलो. इकबालभाईंनी खुर्च्या मांडल्या, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. मग नेमका प्रश्न विचारला, "ये बर्ड फ्लू वाली सुई है?"

मी मनात म्हटलं, सिस्टर, हो म्हणा आणि मोकळ्या व्हा. दहाच्या दहा बाह्या आत्ता वर होतील.

"नहीं," सिस्टर म्हणाल्या. "ये हर साल वाले फ्लू की है. बर्ड फ्लू इससे नहीं रुकता."

"तो हमारे किस काम की?"

"भैया, मान लो दोनों बुखार एक ही आदमी में एक साथ ठहर गए. फिर मिलकर क्या खिचड़ी पकाएँगे, कोई नहीं जानता. एक को तो मैं दरवाज़े पर रोक सकती हूँ न! वो भी पक्का नहीं, पर ज़्यादातर."

इकबालभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "सिस्टर, आपकी बात सर आँखों पर. लेकिन हमारी मुर्गियों का सैंपल साफ़ आया, फिर भी ग्राहक आधे हो गए. अब लोग देखेंगे कि मुर्गीवालों को सुइयाँ लग रही हैं, तो समझेंगे बीमारी यहीं है. मेरे नौ घर इसी दुकान पर चलते हैं."

 सिस्टर उठल्या, आणि पांढऱ्या कोटात, भर बाजारात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "एक किलो दीजिए. घर पे अच्छे से पकाऊँगी!"

परत येताना मी चिडलो होतो. "एक शब्द इकडचा तिकडे केला असता तर काय बिघडलं असतं?"

"अन् उद्या त्यातला एखादा मेलेली कोंबडी उघड्या हातानं उचलेल, की मला तर सुई लागली आहे म्हणून. मग?"

 खोटं बोलून दहा बाह्या वर करणारे पुष्कळ असतील. खरं बोलून रिकाम्या हातानं परतणारी माझ्या ओळखीत ही एकच बाई, आणि मला तिचा त्या दिवशी भयंकर अभिमान वाटला. रागही तेवढाच आला!

*

आता एक गुपित. स्टाफच्या लसीच्या यादीत साहेबांपुढे टिक, माझ्यापुढे टिक, सिस्टरांपुढे कोरं. फ्रिजच्या दारात एक सुई एकटीच पडून, तिच्यावर पट्टी, "सुलभा".

"सिस्टर, ही कधी?"

"पेशंट होऊ द्या आधी. माझं काय, मी शेवटी."

मागच्या वर्षीही शेवटीच राहिलं होतं. मला संशय आला. एकदा त्यांची मुलगी डबा द्यायला आली होती, तिला मराठीत विचारलं, "आईनं लस का घेतली नाही गं?" मुलगी मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीत देते. म्हणाली, "अंकल, मम्मी को सुई से डर लगता है. बहुत. पापा को पकड़ना पड़ता है."

हजारो माणसांना टोचलेली बाई! मी हे कुणाला सांगितलं नाही. फक्त वहीच्या मागच्या पानावर लिहिलं आणि पान दुमडून ठेवलं.

*

थंडी वाढली, घराघरात खोकला सुरू झाला, आणि खालच्या कप्प्यातल्या दहा सुया तशाच. सिस्टर रोज कप्पा उघडून बघायच्या. शेवटी एका दुपारी त्यांनी लसीचा निळा डबा भरला, साहेबांना म्हणाल्या, "सर, आप भी चलिए," आणि आम्ही तिघं गल्लीत.

इकबालभाई गल्ल्यावर होते. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. पण अडवलंही नाही. त्यांच्या माणसांत सगळ्यात वयस्कर रहमतचाचा. पिसं उपटता उपटता थांबले, हात धुतले, समोर आले आणि छातीवर हात ठेवून वाकले.

"सिस्टर, पहले आप."

सगळी गल्ली हसली. मी हसलो नाही. सिस्टरांचा चेहरा पांढरा पडला होता.

क्षणभर वाटलं, इंटर्नसारखं काहीतरी ठोकून देतील. पण त्या कोंबड्यांच्या पिंजऱ्याशेजारच्या स्टुलावर बसल्या. कोट काढून माझ्याकडे दिला. आणि स्वेटरची बाही स्वतः वर करू लागल्या. बोटं थरथरत होती, बाही दोनदा घसरली. मी पुढे झालो तशा ओरडल्या, "हात लावू नका!"

सुई दिली मिश्रासाहेबांनी. साहेबांनी पंधरा वर्षांत कुणाला टोचलं नव्हतं, त्यामुळे थरथरणारे दोघं झाले. सिस्टरांनी डोळे मिटले आणि "आई गं!" अशा ओरडल्या की पिंजऱ्यातल्या सगळ्या कोंबड्या एकदम फडफडल्या.

"अब मेरी बारी," रहमतचाचा म्हणाले. त्यांची बाही वर होती.

नऊजण झाले. एक सुई सिस्टरांना लागली होती, म्हणजे डबा रिकामा. इकबालभाई गल्ल्यावरून उठले नव्हते.

"मेरे वाली तो आप ले गईं," ते म्हणाले.

"आपकी फ्रिज में रखी है. उस पर मेरा नाम लिखा है, पर है आपकी."

*

त्यानंतर आठ दिवस सिस्टरांचं एकच चाललं होतं. सकाळी आल्या की फ्रिजचं दार उघडायच्या, "सुलभा" लिहिलेली पट्टी बघायच्या आणि बंद करायच्या. नवव्या दिवशी साहेब म्हणाले, "सुलभाजी, किसी और को लगा दें?"

"नहीं सर. उनकी है."

दहाव्या दिवशी असं धुकं पडलं की डिस्पेन्सरीचं फाटक दिसेना. पेशंट एकही नाही. साडेदहाच्या सुमाराला स्कूटर वाजली आणि धुक्यातून इकबालभाई आत आले.

इकबालभाई राहतात जुन्या शहरात, चौक नावाच्या मोहल्ल्यात. तिथून नदी ओलांडून, अर्धं लखनौ पार करून महानगर. डोक्याला मफलर, अंगात जॅकेट, पण जॅकेटचा डावा हात रिकामा लोंबत होता. स्वेटर आणि कुडत्याची बाही पार खांद्यापर्यंत वर गुंडाळलेली. उघडा दंड थंडीनं निळा पडला होता.

"ये क्या किया आपने!" सिस्टर म्हणाल्या. "यहाँ आकर ऊपर करते!"

"घर से करके चला हूँ, सिस्टर. चौक में देखा, पुल पर देखा, अपनी गली में तो स्कूटर रोक कर सबको दिखाया. जिसने पूछा, उसको बोला, सुई लगवाने जा रहा हूँ."

सिस्टर फ्रिजकडे वळल्या. फ्रिजमधून सुई काढली, स्वतःच्या नावाची पट्टी सोलली, टोचली. कापूस दाबून धरला.

मग त्यांनी इकबालभाईंची बाही स्वतःच्या हातानं खाली ओढली. आधी कुडत्याची, मनगटाचं बटण लावलं. मग स्वेटरची. मग जॅकेटचा रिकामा हात धरला आणि त्यांचा हात आत जाईपर्यंत धरून ठेवला.