माडग्याळच्या मेंढ्याला तहान लागत नाही

हसायचं असेल तर आधी हातातला चहा खाली ठेवा. माझी शोभा कशी झाली ते सांगतो.

उन्हाळ्यात मी मंद्रूपच्या बाजारातून माडग्याळ जातीचा मेंढा आणला. उंच, पांढरा, अंगावर तांबडे ठिपके. नाक असं बाकदार की सासऱ्यांची आठवण यावी.

बायकोनं, सुरेखानं, पहिलंच विचारलं, "पाणी किती पितंय हे?"

आमच्याकडं पाणी टँकरचं. तिचं बरोबर होतं, पण मला झोंबलं. "आपल्या काळ्या गावरान मेंढ्यापेक्षा कमी," मी ठोकून दिलं.

"बघू की. जास्त प्यालं तर पुढच्या बाजारी परत."

आता माझा तर त्याच्यावर जीव जडलेला. मग परीक्षाच घेतली. काळ्याला गोठ्यात बांधलं. नव्याला ऊन लागू नये म्हणून खिडकीबाहेर, कूलरच्या सावलीत. दोघांपुढं एकेक भरलेली बादली.

संध्याकाळी काळ्याची बादली रिकामी, नव्याची जशीच्या तशी. दुसऱ्या दिवशीही तेच. मग काय विचारता? पारावर बसून मी जाहीर केलं की माडग्याळ जातीला पाणी लागतच नाही. दुधनीला सासऱ्यांना फोन लावला, "मामा, तुमची सगळी मेंढरं विका आणि माडग्याळ घ्या."

सासरे हुशार. विकण्याआधी बघायला आले. त्यांना मानानं कूलरपुढं बसवलं.

"जावईबापू, गरम वारा येतोय की."

"पाणी संपलं असंल मामा. दोन दिस झालं, हा कूलर लई पाणी पितोय. सारखं भरतोय मी. ओतायला बरं पडावं म्हणून मागची जाळी काढूनच ठेवलीय."

"कूलर पितोय?" म्हणत ते उठले आणि बाहेर गेले. मागोमाग आम्ही दोघं.

मेंढ्याचं मुंडकं कूलरच्या आत होतं. टाकीचा तळ तो सावकाश चाटत होता. शेजारी उन्हानं तापलेली बादली, काठोकाठ भरलेली.

मीच हळू आवाजात विचारलं, "मग बाजारात परत न्यायचा का?"

"त्याला कशाला? गार पाणी कुटं हाय ते त्याला कळतंय," सुरेखा म्हणाली. "न्यायचं तर तुमाला न्यायला पायजे. पण तितं घेतंय कोण?"

सासऱ्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं, बाजारात गिऱ्हाईक बघतं तसं, आणि नकारार्थी मान हलवली.