वाफेवर सोडवलेलं तिकीट

माझे सासरे तोतारामनाना दूध तोंडाजवळ नेऊन हुंगतात, मगच दूधवाल्याला जाऊ देतात. अमळनेरच्या तेलगिरणीतून निवृत्त झाल्यावर त्यांना जुन्या अमेरिकन तिकिटांचं वेड लागलं, आणि संशयाला नवं कुरण मिळालं.

त्यांना हवी असतात शंभरेक वर्षांपूर्वीची, गुंडाळीतून विकलेली टपाल तिकिटं, तीसुद्धा पत्राच्या पाकिटावरच. अशा तिकिटाच्या दोन कडा दातेरी आणि दोन सरळ असतात. साध्या तिकिटाचे दाते ब्लेडने कापले की झालं नकली तयार. नानांचं पहिलंच तिकीट तसं निघालं. तेव्हापासून ‘दुनिया बठ्ठी लबाड शे’, म्हणजे सगळं जगच लबाड, हा त्यांचा जप. मी कपाट पुसलं तरी मागून येऊन बघतात. अस्सा राग येतो!

धुळ्याचे जहांगीरभाई तेवढे या जपातून सुटलेले. ते पुस्तकबांधणी करतात. रद्दीत काही सापडलं की एसटीने यायचे, नानांच्या खाटेवर ऐसपैस बसायचे, चहा प्यायचे.

उन्हाळ्यात त्यांनी एका पाद्र्याच्या नावाचं, अमेरिकेहून आलेलं पाकीट आणलं. निळं तिकीट, अर्धा शिक्का तिकिटावर, अर्धा पाकिटावर. मागितलं मात्र अगदी थोडं. तेच नानांना खुपलं.

“इतलं स्वस्त? फालतू पाकिटवर भारी तिकीट चिटकाडेल व्हई.”

“नाना, जहांगीरभाई असं करतील का?”

“तू गप बस.”

त्यांनी पाकीट चहाच्या वाफेवर धरलं. तिकीट सुटलं. खाली दुसऱ्या तिकिटाचा डाग नाही, काही नाही. माल अस्सल होता, आणि पाकिटावरून निघाल्यामुळे मातीमोल झाला होता. नानांनी डिंकाने ते परत लावलं, पण शिक्क्याचा गोल काही जुळेना.

दिवाळीनंतर जहांगीरभाई आले. कौतुकाने तेच पाकीट बघायला मागितलं. भिंगातून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“नाना, कोणी सोडवलं हे? कोणाच्या हातात दिलं होतं? तुम्हाला फसवलं हो कोणीतरी!”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. आता माझंच नाव घेणार. पण ते मान खाली घालून म्हणाले, “मीच काढं. माले तुनावर संशय उना.”

जहांगीरभाईंनी भिंग खाली ठेवलं. चहा संपवून गेले. आता येणार नाहीत असं मला वाटलं.

परवा ते आले. दुसरं एक पाकीट घेऊन. नानांनी लगबगीने खाटेवरची चादर सारखी केली, मी चहा ठेवला.

“बसतो,” जहांगीरभाई दारातूनच म्हणाले, “आधी तुम्ही तपासून घ्या.”