काचेला हात लावण्याआधी

फोटोवाल्यांच्या गल्लीत तिला सगळे फुंकणीताई म्हणतात. चुलीशी तिचा काही संबंध नाही. घरी स्वयंपाक नवरा करतो आणि बरा करतो. तिच्या हातात असते ती रबरी फुंकणी, म्हणजे मुठीत मावेल एवढा फुगा आणि पुढे निमुळती नळी. दाबली की फस्सकन वारा सुटतो. कॅमेऱ्याच्या लेन्सवरची धूळ उडवायला त्याहून चांगलं काही नाही, असं ती कुणालाही सांगते, समोरच्याने विचारलेलं नसलं तरी.

बाविसाव्या वर्षी ती दादाच्या स्टुडिओत बसायला लागली. दादा तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा, कामात चोख आणि बोलण्यात कंजूष. एका दुपारी तो जेवायला गेला तेव्हा त्याची लाडकी लेन्स टेबलावर होती. चेहरे काढायला तो नेहमी तीच वापरायचा. काचेवर धूळ दिसली. तो येईपर्यंत चकचकीत करून ठेवू, असं हिच्या मनात आलं. आधी तिने तोंडाने वाफ सोडली, मग ओढणीच्या टोकाने पुसलं. एक डाग हटेना म्हणून खिडकीच्या काचा पुसायचं औषध फवारलं आणि ओढणी आणखी जोर लावून फिरवली. लेन्स आरशासारखी चमकायला लागली. ती खूश.

दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी बसवून काढलेले एका जोडप्याचे फोटो आले, तर दोघांच्या चेहऱ्यावर मच्छरदाणी धरल्यासारखा पांढुरका पडदा. दादाने लेन्स उजेडात तिरकी धरली. काचेवर केसासारख्या बारीक रेघा होत्या आणि तिच्यावर मुळातच चढवलेला निळसर थर मधोमध उडाला होता.

“कशाने पुसलंस?”

“ओढणीने.”

“आधी धूळ उडवलीस?”

“धूळच तर पुसली.”

दादा ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. “यापुढे तू फोटो पाकिटात भरत जा,” तो म्हणाला. “काचेला हात लावू नकोस.”

त्या संध्याकाळी ती माळ्यावर जाऊन रडली. अर्ध्या तासात रडू संपलं. राग मात्र उरला, आणि तोही स्वतःवरचा. सकाळी ती दादासमोर उभी राहिली. “ती बिघडलेली लेन्स मला दे.”

“कशाला?”

“शिकायला.”

दोन गल्ल्या सोडून चष्मेवाले काका बसायचे. चष्म्याच्या काचा घासण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. लेन्स बघून त्यांनी नाकावरचा चष्मा वर केला. “ओढणीने नाही पुसलंस बाई, वाळूने घासलंस. धूळ म्हणजे बारीक दगडच.”

“मला शिकवा.”

“सकाळी दुकान उघडायच्या आधी ये. एक दिवस चुकवलास की परत येऊ नकोस.”

पहिले पंधरा दिवस काकांनी तिला पुसायला काही दिलंच नाही. जुन्या चष्म्याच्या काचेवर ते विटेची भुकटी भुरभुरवायचे आणि फुंकणी पुढे सरकवायचे. काच खाली तोंड करून धरायची, म्हणजे उडालेली धूळ परत तिच्यावरच बसत नाही. ती तोंडाने फुंकायला गेली की काका टेबलावर पट्टी आपटायचे. “तोंडातून नुसता वारा येतो होय? थुंकी पण येते!”

मग मऊ ब्रश आला. त्याच्या केसांना बोट लावायचं नाही, कारण बोटाचं तेल काचेवर उतरतं. सगळ्यात शेवटी पातळ कागद. औषधाचा एखादा थेंब घ्यायचा तो कागदावर, काचेवर कधीच नाही. काचेवर टाकलं तर कडेने आत झिरपतं. मधून सुरुवात करून गोल गोल बाहेर यायचं, अगदी हलक्या हाताने, आणि एकदा वापरलेला कागद टाकून द्यायचा. झालं की काका काच ट्यूबलाइटखाली तिरकी धरायचे आणि एकच शब्द बोलायचे, “ओरखडा.” की पुन्हा भुकटी.

“किती वेळा हेच?” एकदा ती वैतागली.

“तुझा हात हलका होईपर्यंत. घाई असेल तर लाटणं धर.”

ती सोडून गेली नाही. साठाच्या वर काचा तिने खराब केल्या. एके सकाळी काकांनी काच उजेडात धरली, काहीच न बोलता बाजूला ठेवली आणि चहाचा कप उचलला. तिला काय ते कळलं.

त्यानंतर त्यांनी एक स्वच्छ लेन्स पुढे केली. काठाशी एक ठिपका होता. फुंकणीने तो हलेना, म्हणून तिने कागद उचलला. काकांनी हात धरला. “फोटोत दिसतो का तो?”

“नाही.”

“मग त्याने तुझं काय घोडं मारलंय? राहू दे त्याला.”

इतकं शिकूनही दादाचा शब्द काही बदलला नाही. वर्षभर ती पाकिटंच भरत राहिली, आणि सकाळी काकांकडे जात राहिली.

मग सिमेंटच्या कारखान्याचं काम आलं. दोनशे कामगारांचा एकत्र फोटो. रांगा लावायला आणि बॅग धरायला दादाने तिला सोबत घेतलं. सगळे उभे राहिले, दादा शिडीवर चढला, आणि नेमका तेव्हाच मागून एक ट्रक गेला. राखाडी लोट उठला. लेन्स धुळीने माखली! एवढी माणसं एका फोटोत मावतील अशी लेन्स दादाकडे तेवढी एकच होती.

दादा खाली उतरला. कारखान्याचे साहेब खिशातून रुमाल काढत पुढे आले. “अहो पुसा की पटकन! त्यात काय एवढं?” आणि त्यांनी वाफ सोडायला तोंड उघडलं.

“साहेब, थांबा!” ती मध्ये आली. “सिमेंट आहे ते. ओलं झालं की घट्ट बसतं. हे तुम्हाला मी सांगायचं?”

मागच्या रांगेत हशा पिकला. साहेबांचा रुमाल हातातच राहिला. दादाने तिच्याकडे पाहिलं, मग लेन्सकडे.

“किती वेळ लागेल?”

“लागेल तेवढा.”

त्याने लेन्स तिच्या हातात दिली.

वारा नको म्हणून ती गाडीत बसली आणि काचा वर केल्या. लेन्स खाली तोंड करून फुंकणी दाबत राहिली. आत भट्टी झाली होती. घामाचा थेंब पडू नये म्हणून तिने कपाळाला ओढणी घट्ट बांधली. बाहेर साहेब घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. एका कामगाराने काचेवर टकटक केलं. “ताई, ऊन फार आहे!”

“सावलीत बसा सगळे. झालं की हाक मारते.”

कडेच्या खाचेत अडकलेली भुकटी तिने ब्रशने सोडवली, पुन्हा फुंकणी चालवली, लेन्स उजेडात फिरवून पाहिली. काठाशी दोन कण राहिले होते. हात कागदाकडे गेला. सिमेंटवर कागद! तिने हात मागे घेतला.

फोटो आला. दोनशे चेहरे लख्ख. एकाचेच डोळे मिटलेले होते, पण तो म्हणे दरवर्षीच मिटतो.

परतताना दादा गाडी चालवत म्हणाला, “दोन कण राहिले होते.”

“राहिले नव्हते. ठेवले होते.”

स्टुडिओपाशी गाडी थांबवून तो म्हणाला, “उद्यापासून लेन्स तू बघ. पाकिटं मी भरतो.”

याला तीस वर्षं होऊन गेली. काका आता नाहीत. स्टुडिओत तिचं वेगळं टेबल आहे, आणि बाकीचे फोटोवालेही आपल्या लेन्स तिच्याकडेच आणतात. निम्म्या ती नुसत्या बघून परत करते. “स्वच्छ आहे. उगाच पुसून झिजवू नका.”

मात्र आत बुरशी धरलेल्या लेन्स ती घ्यायची नाही. त्या खोलाव्या लागतात, आणि ते तिला येत नव्हतं. गेल्या वर्षी एक बाई आपल्या वडिलांची लेन्स घेऊन आल्या. हिने दुरुस्तीवाल्याचा पत्ता दिला. तो तर गाव सोडून गेला, त्या म्हणाल्या, आणि लेन्स पिशवीत घालून निघून गेल्या. दिवसभर तिला चैन पडलं नाही. संध्याकाळी तिने बारीक पेचकस मागवले आणि भंगारातून टाकाऊ लेन्स गोळा केल्या.

“या वयात?” दादाने विचारलं.

“मग कधी?”

पहिल्या तीन वाया गेल्या. एकीची काच धरून ठेवणारी कडी आत पडली, दुसरीची काच उलटी बसली, तिसरीचं काय झालं ते ती सांगत नाही. चौथी परवा उघडली, पुसली आणि परत बसवली. दादाने त्या लेन्सने फोटो काढून पाहिला, मोठा करून पाहिला, चारही कोपरे तपासले.

“त्या बाईंचा फोन नंबर आहे का रे कुठे?” ती म्हणाली.