माय पाण्याखाली गेली होती

मिलिंद गेल्याचं मला त्याच्या मायनंच फोन करून सांगितलं. लातूरच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी पेपर तपासत बसलो होतो. "ये लेकरा, गेला तुझा दोस्त," ती म्हणाली. आणि लगेच विचारलं, "पाण्यानं नेलं का रं त्याला?"

मिलिंद नायगावजवळच्या खेड्यातला. नांदेडच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो. माय एसटीच्या कंडक्टरकडे डबा द्यायची आणि त्यात भाकरी दोघांच्या असायच्या. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. त्या भाकरींशिवाय पोचलो नसतो. मिलिंदचं मन पुस्तकापेक्षा पाण्यात जास्त. गावच्या विहिरीत पोहायला शिकलेला हा मुलगा आधी नांदेडच्या जलतरण तलावावर जीवरक्षक झाला, मग पाणबुड्याचं प्रशिक्षण घेऊन दूरच्या एका शहरातल्या मोठ्या मत्स्यालयात लागला. करमणुकीच्या बागेतलं ते मत्स्यालय. तिथं पोहता न येणाऱ्या माणसांनाही डोक्यावर हेल्मेट घालून, नळीनं हवा देत, खऱ्या माशांमध्ये तळावर फिरवून आणतात. ते फिरवायचं काम मिलिंदचं. तो पाहुण्यांचे हात धरून त्यांच्यापुढे उलटा चालायचा, पाठ माशांकडे आणि तोंड माणसाकडे. "घाबरलेल्याला आधी माणूस दिसू दे गुरुजी, मासा काय पळून जातो का?" असं मला म्हणायचा. मी शिक्षक झाल्यापासून त्यानं मला नावानं हाक मारली नाही.

मायला हे काम मुळीच पसंत नव्हतं. "माशाच्या तोंडात लेकरू देऊन बसले मी," असं ती गावभर म्हणायची, आणि फोनवर एकच धोशा: घरी ये. शेवटी तो वाकला. आमच्या महाविद्यालयात रखवालदाराची जागा निघाली होती, तिथं त्याच्यासाठी शब्द टाकायला त्यानं मला सांगितलं. फक्त म्हणाला, "एकदा मायला खाली नेऊन आणतो. मग ती म्हणल ते."

म्हणून मी तिला घेऊन गेलो. तिला तिथले ढगळे कपडे घातले, शिडीवर उभं केलं आणि हेल्मेट वर धरलं, तशी ती ओरडली, "आरं, हंडा उलटा घालून राहिले का माझ्या डोक्यात?" मिलिंद म्हणाला, "घागर हाय माय. हंडा मोठ्या पाहुण्याला." माझी खाली जायची छाती झाली नाही, मी काचेबाहेर उभा राहिलो. माय दोन्ही हातांनी त्याला धरून पावलापावलानं आली. एक भलं मोठं पाकट, सुपासारखा चपटा मासा, तिच्यावरून संथ गेलं. तिनं डोळे गच्च मिटले. मिलिंद हलला नाही, समोर नुसता उभा राहिला. तिनं डोळे उघडले तेव्हा ते पाकट वळून पुन्हा येत होतं. मग मायनं एक हात सोडला आणि तो डोक्याकडे नेला. कुणी थोर माणूस दारात यावा तशी ती पदर घ्यायला गेली! पदर कुठला तिथं... हात नुसता हेल्मेटवर फिरत राहिला. मिलिंद हसला असावा, कारण त्याच्या तोंडाशी एकदम खूप बुडबुडे उठले. वर आल्यावर ती धापा टाकत म्हणाली, "मिल्या, हे सोडायचं न्हाई. म्या सांगते."

त्यानं सोडलं नाही. रखवालदाराची जागा दुसऱ्याला गेली.

पुढं एकदा तो सुट्टीवर आला तोच थकलेला. अंगावर निळे डाग होते. लातूरच्या डॉक्टरांनी रक्ताचा कर्करोग सांगितला. मी मायसमोरच त्यांना कामाबद्दल विचारलं. ते म्हणाले, "त्या कामाशी संबंध दिसत नाही. पण कशानं झाला, तेही सांगता येत नाही." मायनं त्यातलं शेवटचंच ऐकलं. मिलिंदनंही शेवटच्या भेटीत मला बजावलं होतं, मायला सांग, पाण्याचं काही न्हाई. मी तसं सांगितलं तर ती म्हणाली, "तो तसंच सांगणार. भेलेल्याला धरून न्यायचं कामच हाय त्याचं."

त्याच्यामागच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर काही आठवड्यांनी मी गावी गेलो. मत्स्यालयातल्या मित्रांनी त्याचा पाण्यात घालायचा काळा रबरी सूट पाठवून दिला होता. मायनं तो धुऊन अंगणात बाजेवर पसरला होता. भावकीतले म्हणत होते, जाळून टाक. ती मला म्हणाली, "तू शिकलेला हायस. पाण्यानं नेलं असंल तर जाळते, म्याच धाडलं त्याला. न्हाई तर राहू दे. काय करू, सांग."

मी डॉक्टरांचे शब्द मनात पुन्हा लावून पाहिले. त्यातून हो निघेना, नाही निघेना. "मला माहीत न्हाई, माय," मी म्हणालो.

ती उठली. लिंबाची सावली सरकून सुटाच्या बाहीवर ऊन आलं होतं. तिनं बाज ओढून सावलीत घेतली. "उन्हानं रबर तडकतंय, मिल्या म्हणला होता," ती म्हणाली. हातभार लावायला मी उठलो, तर म्हणाली, "बस तू." दुपारभर सावली सरकत राहिली, आणि माय उठत राहिली.