गच्चीवरून आफ्रिका

आमच्या समोरच्या काकांना आफ्रिकेशी बोलायला फोन कशाला लागायचा, हे कोडं मला आजतागायत सुटलेलं नाही. रविवारची उपासना आटोपून, जेवून काका गच्चीवर चढत, फोन कानाला लावत आणि पहिली हाक मारत, "दानीएलाऽऽ, ऐकू येतंय काऽऽ?" तिकडं मलावीत त्यांचा मुलगा रेंज मिळावी म्हणून ज्या टेकडीवर चढायचा, तिथं ती हाक फोनातून पोचायची की थेट वाऱ्यावरून, देव जाणे. इकडं मात्र आमची अख्खी गल्ली जेवता जेवता कान देऊन बसायची. दानीएल तिथं चर्चचा पाळक, सून मिशनच्या दवाखान्यात नर्स, आणि नात रूथ जन्मली तीच तिथं. त्या घरातली एकही गोष्ट आमच्यापासून लपून राहिली नाही. तिकडचा मका कधी काढणीला आला, दवाखान्याचा पत्रा कुठं गळतो, सगळं आम्हाला पाठ. रूथला खोकला झाल्याचं कळलं तेव्हा चार घरांतल्या बायकांनी खिडकीतूनच चार काढे सांगितले आणि काकांनी ते सगळे, एकमेकांशी अजिबात न जुळणारे, ओरडून पुढं पोचते केले. फोनचा शेवट मात्र ठरलेला असायचा. "कधी येणार रं घरी?" असं काका विचारत. मग फोन कानाला घट्ट धरून उभे राहत. "लाईन गेली वाटतं," म्हणत ते खाली उतरत. लाईन गेलेली नसायची, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

काकांची सगळी नोकरी शिरोली एमआयडीसीत, एका फाउंड्रीत गेली. तिथल्या खडखडाटात शेजारच्याला हाक ऐकू जायची तर छातीतून ओरडावं लागे. काका निवृत्त झाले, आवाज अजून ड्यूटीवर आहे. त्यांचे कान बहुधा त्या शेडमध्येच राहिले असावेत, पण हे त्यांच्यासमोर बोलायची सोय नाही. "माझं कान ठणठणीत हाईत. लोकंच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलत्यात," असा त्यांचा निकाल. चर्चमध्ये गीत सुरू झालं की काका सगळ्या मंडळीच्या एक ओळ पुढं असतात. पेटीवाल्यानं पूर्वी त्यांना मागं ओढायचा प्रयत्न केला, आता तोच त्यांच्या मागून धावतो. प्रार्थनाही तशीच, खिडक्यांच्या काचा थरथरवणारी. एकदा इथले पाळक गोडीत म्हणाले, "काका, देवाला हळू बोललेलंही ऐकू येतं." काका म्हणाले, "त्याला येतंय की वो! पर मागच्या बाकावरच्यांनी आमेन कवा म्हणायचं?"

आणि एका रविवारी त्याच गच्चीवरून अशी आरोळी आली की माझ्या हातातली आमटीची वाटी कलंडली. "येत्यात! कायमचं येत्यात घरला!" काका धावत खाली उतरले ते एका पायात चप्पल घालून. त्यांनी मला मिठी मारली, दूधवाल्याला मारली, आणि कोण कुठला पत्ता विचारायला थांबलेला मोटारसायकलवाला होता, त्यालाही मारली. "पावणं, पोरगा येतोय माझा!" तो बिचारा म्हणाला, "लई झ्याक!" आणि पत्ता न विचारताच गेला. दुसऱ्या दिवसापासून घराला रंग सुरू झाला. रस्सा कोण करणार यावरून दोन आचाऱ्यांत जुंपली. गल्लीतल्या मंडळाच्या पोरांनी फ्लेक्स काढला, 'आफ्रिका गाजवून आलेला कोल्हापूरचा ढाण्या वाघ'. दानीएल हा मुंगीवर पाय पडला तरी तिची माफी मागेल असा माणूस. पण फ्लेक्सवर त्याला काळा चष्मा चढवला होता, आणि खाली शुभेच्छुकांच्या तीन रांगा. एका रांगेत हलगीवाल्याच्या शेजारी मीही होतो, याचा मला अजून अभिमान आहे. काकांनी फ्लेक्सवरून फक्त एक फोटो काढून टाकायला लावला, स्वतःचा. "पोरगी आदीच माझ्या आवाजाला भ्याली आसंल. त्यात ह्ये थोबाड कशाला दाखवता?"

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण आदल्याच दिवशी काका माझ्याकडे येऊन बसले होते आणि त्यांच्या मानानं हळू, म्हणजे फक्त तीन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले होते, "मास्तर, मला विंग्रजी शिकवा." मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, पण असा विद्यार्थी पाहिला नव्हता. कारण विचारलं तेव्हा कळलं की रूथ फोनवर चर्चच्या रीतीनं "सलाम आजोबा" एवढंच म्हणते आणि गप्प होते. तिला मराठी येत नाही, अशी काकांची खात्री झाली होती. "घरात चांगली बोलते," असं दानीएल सांगे, पण ते काकांना पटत नव्हतं. "बापाचं मन राखाय बोलतोय त्यो. मास्तर, नात दारात येणार आन् मी दगडागत बघत बसणार व्हय?" त्यांचे डोळे भरून आले होते. माझं मत वेगळं होतं. काका एकदा बोलायला लागले की त्यात सुई शिरेल एवढी फट नसते, ती पोर बोलणार कधी? पण ते सांगायलाही फट मिळाली नाही, आणि धडे सुरू झाले. काकांनी एकच वाक्य पक्कं धरलं, "व्हॉट इज युवर नेम?" मी म्हटलं, "अहो, तिचं नाव तुम्हाला माहीत आहे." ते म्हणाले, "मला म्हाईत हाय. पर मला म्हाईत हाय ह्ये तिला म्हाईत हाय का?"

यायच्या दिवशी सकाळीच आम्ही सगळे स्टँडवर. हलगी, हार, फ्लेक्स, सगळा लवाजमा. बस लागली, दारातून नवरा-बायको आणि एक लहान मुलगी उतरली, आणि काकांनी डोळ्यांतल्या पाण्यातूनच पुढं झेपावून त्या माणसाला हार घातला. हलगी कडाडली. तो माणूस पेठ वडगावचा, इथं कुणाच्या तरी लग्नाला निघालेला. वधूपक्षानं एवढी सोय केलेली पाहून तो गहिवरला, चौफेर नमस्कार करून म्हणाला, "लई केलंसा पावणं! जेवान कुठं हाय?" त्याला समजावण्यात आमची धांदल उडाली असताना मागून आवाज आला, "बाबा!" दानीएल उभा होता. रोडावलेला, कानशिलावर पांढरा झालेला. हार वडगावच्या पाहुण्याच्या गळ्यात राहिला आणि बापलेकांनी एकमेकांना जे धरलं ते सोडेचनात. सून डोळे पुसत होती, तिच्या पदराआड रूथ.

मग काका तिच्यासमोर उकिडवे बसले आणि आम्ही कधी न पाहिलेली गोष्ट घडली. काकांचा आवाज गेला. ओठ हलले, आणि कसंबसं, पुटपुटल्यासारखं बाहेर पडलं, "व्हॉट इज... युवर नेम?"

रूथनं त्यांना नीट न्याहाळलं. पदर सोडला, दोन्ही हातांचा भोंगा तोंडाशी केला आणि एक वितीवरच्या आजोबांना, अस्सल कोल्हापुरी पोरीच्या थाटात, सगळा स्टँड दणाणून सोडणारी हाक घातली, "आजोबाऽऽ! ऐकू येतंय काऽऽ? मी रूथ बोलतोयऽऽ!"

हलगीवाल्याचा हात जागीच थांबला. काका आधी दचकले, मग हसले, मग लहान पोरासारखे रडले. मधेच माझ्याकडं वळून ओरडले, "मास्तर, विंग्रजी कॅन्सल!"

पुढं कितीतरी दिवस आमच्या गल्लीत दोन फाउंड्र्या चालू होत्या. गंमत अशी की रूथ इतरांशी अगदी मंजुळ बोले. मी तिला विचारलं तेव्हा तिनं हळूच माझ्या कानात सांगितलं, "आजोबांशी असंच बोलायचं असतं. टेकडीवर बाबा पण असंच बोलायचे." काकांना तिचा शब्द न् शब्द कळे. आमचं मात्र त्यांना अर्धं कळत नव्हतं, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आता रूथ इथल्या शाळेत जाते. समोरच्या माणसाशी ओरडून बोलू नये, असं तिला बाईंनी शिकवलं आहे, आणि ती गुणी पोर आहे. जेवायला बोलवायला येते, काकांजवळ उभी राहून शहाण्यासारखी काहीतरी सांगते, आणि काका नुसते हसून मान हलवतात. ती काय म्हणाली ते त्यांना कळलेलं नसतं. मला हे बघवत नाही. कानाच्या डॉक्टरकडं जाऊ म्हटलं तर ते माझ्यावरच खेकसतात.

पण रविवारी दुपारी काका अजूनही फोन घेऊन गच्चीवर चढतात आणि खाली आपल्याच घरी फोन लावतात. रूथ तो घेऊन अंगणात येते. फोनवर ओरडायला बाईंची मनाई नाही. "तिकडं पाऊस हाय काऽऽ?" काका वरून विचारतात. "न्हाय आजोबाऽऽ, ऊन हायऽऽ!" ती खालून ओरडते. गल्ली पुन्हा जेवता जेवता ऐकत बसते. शेवटी काका तेच विचारतात, जे इतकी वर्षं विचारत आले, "कधी येणार गं घरीऽऽ?"

"आलोय की आजोबाऽऽ!"

हे मला माझ्या घरात, दार लावूनसुद्धा स्वच्छ ऐकू येतं. काकांनाही येत असणार. तरी ते फोन कानाला घट्ट धरतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "नीट ऐकू आलं न्हाय बग. परत सांग."