रिक्षातून पुकारणारे अप्पा

परवा गल्लीतून भंगारवाल्याचा टेंपो गेला. त्यावरचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकून महाडचा एक जुना रविवार आठवला.

माझे वडील, अप्पा, कारखान्यात हमाली करत आणि रविवारी रिक्षात बसून साड्यांच्या सेलची जाहिरात पुकारत. बायका हातातलं काम टाकून ऐकत राहायच्या. त्या आठवड्यात दुकानदाराने त्यांच्याकडून सगळं टेपवर बोलून घेतलं होतं. रविवारी अप्पा तयार होऊन दारात उभे राहिले. रिक्षा आली, पण थांबली नाही. भोंग्यातून अप्पाच बोलत होते.

“ऐक गो, तुझ्या बापाचा आवाज!” आई कौतुकाने म्हणाली. मीही टाळ्या वाजवल्या.

“आता माझी काय गरज हाय त्यांना?” अप्पा हळूच म्हणाले.

ती कॅसेट पुढे कितीतरी दिवाळ्या गावभर फिरली. अप्पा मात्र घरातही कामापुरतंच बोलू लागले.