मावशींनी घातलेली तार

मावशींनी तीस वर्षं लोकांचे कान टोचले. हात असा की मूल रडायचं ते नंतर, आठवण झाल्यावर. "माझ्या हातचा कान कधी पिकला नाही," हे त्या येता-जाता ऐकवायच्या. आणि नेमकी पोटच्या पोरीच्या कानाच्या पाळीवर, त्यांनीच टोचलेल्या जागी, बोराएवढी गाठ!

दोन वर्षांपूर्वी ती कापून काढली होती. मेली परत आली, तीही दुप्पट होऊन. नोकरीच्या मुलाखतीत समोरचा माणूस लेकीशी नाही, त्या गाठीशीच बोलत होता म्हणे. तेव्हापासून पोरगी घराबाहेर पडेना. आज कशीबशी तपासणीच्या खुर्चीत बसली होती.

डॉक्टरबाईंनी गाठ दाबून पाहिली. "खरं सांगा, मागच्या ऑपरेशननंतर जखमेत काही घातलं होतं? काहीच न करता एवढी उसळली असेल, तर मी हिला सुरी लावणार नाही. याहून मोठी येईल."

घातलं होतं की! टाके निघाले त्याच आठवड्यात. भोक बुजलेलं बघून मावशींना राहवेना. टोचणारीच्याच पोरीचं भोक बुजलं तर लोक काय म्हणतील? बारीक तार उकळून त्यांनी पाळीतून आरपार काढली आणि लेकीला बजावलं, "डॉक्टरांना बोलू नकोस हं."

"नाही, काही नाही घातलं," लेक म्हणाली. आईकडे तिने पाहिलंही नाही.

झालं! डॉक्टरबाई कागदावर 'ऑपरेशन नको' असं लिहायला लागल्या. गप्प बसावं, मावशींना वाटलं. बभ्रा झाला तर उद्या कोण कान पुढे करणार? पण पोरीची मान खाली गेली होती, आणि ते काही त्यांना बघवेना.

"थांबा! तार घातली होती. मीच घातली, आणि तिला गप्पही मीच बसवलं."

"अहो, रोज कान हाताळणाऱ्या तुम्ही, आणि तुम्हीच?" डॉक्टरबाई कडाडल्या. मग कागदावरचं खोडून म्हणाल्या, "तारेमुळे उसळली असेल, तर काढता येईल." निघताना मात्र ऑपरेशनची तारीख हातात होती.

या ऑपरेशनचे टाके निघाले त्या दिवशी डॉक्टरबाईंनी पाळीवर दाब देणारा चिमटा पुढे केला. "सहा महिने, रोज. जास्त आवळला तर कातडी मरेल, सैल राहिला तर गाठ परत. घरी लावणार कोण?"

मावशींनी हात मागे घेतले.

"आईच लावेल," लेक म्हणाली. "तिच्याइतका हलका हात कुणाचा नाही."

मावशींनी चिमटा घेतला. लेकीच्या कानाला हात लावण्याआधी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी विचारलं, "किती आवळू?"